सहा तास उताणं

माझ्या पर्समध्ये एक गॅसचा लायटर असतो. स्वयंपाकघरातून बाद झालेला. ठिणगी पडत नाही म्हणून नवरा तो कचऱ्यात टाकायला निघाला होता, मी त्याच्या हातातून काढून घेतला. ठिणगी नसली तरी आवाज अजून खणखणीत आहे, टक्. मला आवाजच हवा होता.

मी जळगावच्या एका खाजगी दवाखान्यात किडनीच्या वॉर्डात सिस्टर आहे. किडनी बिघडली हे रक्ताच्या आणि लघवीच्या तपासणीत कळतं, पण कशानं बिघडली हे कळायला कधीकधी किडनीचाच तुकडा काढून बघावा लागतो. त्याला बायोप्सी म्हणतात. तुकडा म्हटलं की माणसं घाबरतात, पण तो असतो शेवईच्या काडीएवढा. पेशंटला पालथं झोपवायचं, पाठीची जागा बधिर करायची, मग सोनोग्राफीत बघत बघत डॉक्टर सुई आत नेतात, श्वास रोखायला सांगतात आणि सुईची स्प्रिंग सुटते. तो आवाज थेट माझ्या लायटरचा. पालथ्या पडलेल्या माणसाला दिसत काही नाही, ऐकू मात्र सगळं येतं, आणि नेमका त्या वेळी तो दचकला तर पंचाईत. म्हणून आदल्या दिवशी मी प्रत्येकाच्या कानाशी दहा-बारा वेळा लायटर वाजवते. वॉर्डात ऑक्सिजन असतो, तिथे ठिणगीवाला लायटर घेऊन फिरले असते तर पहिली हकालपट्टी माझीच झाली असती. बाद झालेला चालतो. बाद वस्तूचाही कुठेतरी उपयोग होतो, हे मी नवऱ्याला अधूनमधून ऐकवत असते.

माझं माहेर धुळे जिल्ह्यात, नरडाण्याजवळ. सासर इथलं, पिंप्राळ्यातलं. जीभ माहेरचीच राहिली, म्हणजे अहिराणी आणि तिखट. वॉर्डात पाठीमागे मला 'कडक सिस्टर' म्हणतात हे मला ठाऊक आहे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं. पेशंट गोड बोलून ऐकत नाही, दटावल्यावर ऐकतो, असं माझं ठाम मत होतं. मग ती बाई आली.

ती पहूरच्या पुढच्या एका खेड्यातली. वय अठ्ठावीस-एकोणतीस, घरी केळी आणि कपाशी, दोन लहान मुलं. सकाळी तोंड सुजायचं, संध्याकाळी पाय. चपलेचा पट्टा पायात रुतून खाच पडलेली मी पहिल्याच दिवशी बघितली. डॉक्टरांनी तिला आणि तिच्या नवऱ्याला समोर बसवून सरळ सांगितलं होतं. तुकड्यात साधा प्रकार निघाला तर गोळ्यांवर भागेल. नाही तर आज ना उद्या रक्त धुवायला मशीनवर यावं लागेल, आठवड्यातून दोन-तीनदा, कायमचं. नवऱ्यानं बरेच प्रश्न विचारले. तिनं डॉक्टरांना एकही विचारला नाही. नंतर मी रक्तदाब घेत होते तेव्हा हळूच मला म्हणाली, "ताई, मशीनवर असलं म्हंजे शेतात जाता येते का?"

मी म्हटलं, आधी तुकडा तर निघू दे, मग शेताचं बघू. पण तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला.

सोबतीला तिची सासू होती. ठेंगणी, कामसू बाई. मी तिला पहिल्या दिवसापासून अक्का म्हणू लागले. आल्या आल्या तिनं कॉटखालची फरशी ओल्या फडक्यानं पुसली, शेजारच्या कॉटखालचीही पुसली, आणि मग आमच्या मावशींना सांगितलं की तुमचा झाडू झिजला आहे. मावशी दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत.

आदल्या दिवशी श्वास रोखायची तालीम घेतली. मी म्हणायचे, "श्वास घे, धर," आणि ही बाई धरायच्या ऐवजी फस्सकन हसायची. तीनदा असं झालं. शेवटी अक्काच वैतागून म्हणाली, "कपाशीवर फवारा चालू असला म्हंजे बांधावरून कशी जाते? तशी धर!" आणि सुनेनं जो श्वास धरला तो अर्धा मिनिट सोडलाच नाही. अक्कानं स्वतःही धरून दाखवला. शेजारच्या कॉटवरचे मास्तर, त्यांचा काही संबंध नसताना, गाल फुगवून बसले. तेवढ्यात राउंडला आलेले डॉक्टर दारातच थांबले, कारण अर्धा वॉर्ड श्वास रोखून बसला होता आणि मध्ये उभी राहून मी गॅसचा लायटर वाजवत होते.

मग मी माझी यादी सांगितली. ती मला तोंडपाठ आहे. बायोप्सी झाल्यावर सहा तास उताणं पडून राहायचं. किडनीला सुईचं भोक पडलेलं असतं, पाठीचा भार त्यावर राहिला की ते दबून बसतं. लघवीला उठायचं नाही, भांडं मिळेल. पाण्याला उठायचं नाही, नळी मिळेल. फोन वाजला तरी नाही, मुलं रडली तरी नाही. सगळं सांगून झालं की मी परीक्षा घेते. "कशासाठी उठायचं?"

"कशासाठीच नाही," ती म्हणाली.

शंभरपैकी शंभर. मी खूश होऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला बायोप्सी झाली. मी तिच्या डोक्याशी उभी होते आणि तिनं माझा हात धरला होता. सुई दोनदा वाजली. ती जराही हलली नाही. दुसऱ्या वेळेनंतर उशीत तोंड खुपसलेलं असतानाच म्हणाली, "तुमचा लायटर जास्ती जोरात वाजते." डॉक्टर हसले, आणि माझी मान ताठ झाली.

अकरा वाजता तिला वॉर्डात आणून उताणं झोपवलं. यानंतरचं काम कंटाळवाणं असतं आणि तेच खरं नर्सिंग असतं. दर पंधरा मिनिटांनी नाडी आणि रक्तदाब, पोट दुखतं का, पाठ दुखते का, पट्टी कोरडी आहे का. शिवाय प्रत्येक वेळची लघवी वेगळ्या काचेच्या बाटलीत घ्यायची, चिकटपट्टीवर वेळ लिहायची आणि बाटल्या ओळीनं खिडकीत मांडायच्या, उजेडासमोर. पहिल्या बाटलीत थोडी लाली असली तर चालते. पुढच्या बाटल्या फिक्या होत गेल्या पाहिजेत. लाली वाढली तर आत रक्त वाहतंय.

पहिली बाटली गुलाबीसर होती. दुसरी बरीच फिकी. मी निवांत झाले, अक्का मात्र बेचैन.

"बाई, हे असं खिडकीत ठेवता? मानसं येतीन भेटाले."

"येऊ द्या की. कुरडया गच्चीवर मांडतो तेव्हा येत नाहीत?"

"कुरडया अन् हे येक हाये का?"

मी नर्सिंगची सगळी कडक बाजू बाहेर काढून सांगितलं की बाटलीला हात लावायचा नाही, धुवायची नाही, ओतायची नाही. अक्कानं हात लावला नाही. मी पाठ वळवल्यावर तिनं बाटल्यांवर स्वच्छ टॉवेल झाकला. मी काढला. तिनं पुन्हा झाकला. आमचं हे असं तासभर चाललं.

एकच्या सुमारास मी शेजारच्या कॉटवर मास्तरांना इंजेक्शन देत होते, तेव्हा वॉर्डाच्या दारातून कोणीतरी खाकरलं.

आमच्याकडे घरातला मोठा पुरुष उंबऱ्याआत सरळ शिरत नाही. आधी खाकरतो. मग आतल्या सुना पदर सावरतात, खाटेवर असतील तर खाली उतरतात, उभ्या राहतात. मग तो आत येतो. हे कोणी कोणाला शिकवत नाही. ते खाकरणं इतकं जातिवंत होतं की माझीसुद्धा पाठ आपोआप सरळ झाली. आणि पुढच्याच क्षणी मला ती आठवली. मी वळले.

ती कॉटवर उठून बसली होती. डोक्यावर पदर नाकापर्यंत, एक पाय खाली, चप्पल चाचपडतोय. सलाइनची नळी ताणलेली. दारात पांढरा पायजमा, टोपी, खांद्यावर रुमाल, हातात केळ्यांची पिशवी, असा एक म्हातारा माणूस उभा. तिचे सासरे.

"उठनी कसाले व?" मी वॉर्डभर ओरडले. "पड! पड आधी!"

तिला झोपवलं. नाडी पळत होती, पण पोट मऊ होतं. मी मनातल्या मनात नवस बोलत होते. वीस मिनिटांनी तिसरी बाटली आली. ती डाळिंबाच्या रसासारखी लाल होती.

त्या वेळी मला काय वाटलं ते स्पष्टच सांगते. मला भीती वाटली. एवढी वर्षं या कामात काढूनही. डॉक्टर धावत आले, सोनोग्राफी लावली. किडनीभोवती थोडं रक्त साठलं होतं. सलाइन वाढवलं, तिच्या नवऱ्याला रक्तपेढीत पिटाळलं. बाहेर आल्यावर डॉक्टर मला म्हणाले, "न उठताही असं होतं कधीकधी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. पण आता ती हलायला नको. सहा तास नव्यानं मोजा. थांबलं नाही तर मोठ्या गावाला पाठवावं लागेल, रक्तवाहिनी बंद करायला."

मनाला लावून घेऊ नका म्हटल्यावर मी ते ताबडतोब मनाला लावून घेतलं, आणि सगळा राग व्हरांड्यातल्या म्हाताऱ्यावर काढला. "भेटायची वेळ चारची, तुम्ही एकला कसे आलात? आलात ते आलात, खाकरायचं काय अडलं होतं? सरळ आत यायला काय झालं होतं?"

ते पिशवी हातात घेऊन तसेच उभे होते. म्हणाले, "न खाकरता कसा येऊ बाई? सून निजेल होती."

त्यांचं काय चुकलं होतं? ते सभ्य माणसासारखे वागले होते. तीही सभ्य सुनेसारखी वागली होती. चुकली होती माझी यादी. आणि ही चूक माझ्याकडून तरी व्हायला नको होती. माझे सासरे, नाना, जिन्यावर चपला वाजवत आले की मी सोफ्यावरून उठते. मांडीवर मेथीची जुडी असो नाहीतर डाळीचं ताट. इतकी वर्षं उठते आहे. कोणी मला विचारलं असतं की दिवसातून किती वेळा उठतेस, तर हे उठणं मी मोजलंच नसतं. ते मला उठणं वाटतच नाही.

पण आता करायचं काय? मी तिच्या कॉटभोवती हिरवा पडदा ओढला. आबांना, म्हणजे तिच्या सासऱ्यांना, व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. पडद्याआड मी तिच्या मनगटावर बोटं ठेवून उभी राहिले. बाहेर आबा खोकले. म्हातारं माणूस, खोकणारच. बोटांखाली नाडी टणकन उडाली, तिची मान उशीवरून उचलली गेली आणि हात पदराकडे गेला.

"अगं, ते बाहेर आहेत. पडदा आहे मध्ये."

"मले समजते ताई," ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "पन आंगच उठते. मी नाही उठत."

मी बाहेर जाऊन आबांना म्हटलं, खोकू नका. ते म्हणाले, येतो तं काय करू? मी त्यांनाही श्वास रोखायला शिकवला. त्यांनी इमानदारीनं रोखला, डोळे पाणावेपर्यंत, आणि मग आधीपेक्षा दुप्पट जोरात खोकले. आत नाडी पुन्हा उडाली. शेवटी मी त्यांना खाली गाड्या लावतात तिथे बसवून आले. तर आत दुसरंच सुरू. आबा जेवले का? उन्हात बसले का? पाणी कोणी दिलं का? खिडकीतून दिसतात का बघायला ही मान उंचावते. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत झाली. चौथी बाटली आली. तीही लाल.

दोन वाजता माझी ड्यूटी संपली होती. दुसऱ्या सिस्टरनं मला जायला सांगितलं. मी गेले नाही. मी खाली आबांकडे गेले.

ते झाडाखाली मोटारसायकलींच्या मध्ये उकिडवे बसले होते. केळ्यांची पिशवी अजून तशीच. मी त्यांच्या शेजारी बसले आणि पहिल्यांदा त्यांच्याशी आवाज न चढवता बोलले. सांगितलं की लाली कमी झालेली नाही. तिनं निवांत पडून राहिलं तर बहुतेक आपोआप थांबेल. ती मला हो म्हणते पण तिचं अंग माझं ऐकत नाही. "आबा, तुम्हीच सांगा तिला. तुमचं ऐकेल."

ते दचकले. "मी? मी तिच्याशी बोलत नाही."

"भांडण आहे?"

"भांडन कायचं? सून हाये माही. लक्ष्मी हाये. नऊ वर्सं झाले घरात येऊन, येक सबद नाही बोललो. काही लागलं तं म्हातारीले सांगतो, नाही तं नातवाजवळ निरोप देतो." आणि मग मान खाली घालून म्हणाले, "मोठ्या मानसानं कसं बोलावं सुनेशी?"

मी वर बाटल्यांच्या खिडकीकडे बोट दाखवलं. तिकडे बघत त्यांनीच विचारलं, "घड भरलेल्या केयीला आम्ही टेकू देतो. तसा माहा टेकू लागते म्हनता तिले?"

"तसंच."

ते उठले. खांद्यावरचा रुमाल काढला, झटकला, टोपीवरून डोक्यावर घेतला आणि पार हनुवटीखाली ओढला. तोंड दिसेना. आतून आवाज आला, "तिचा पदर पडला तं तिले लाज वाटीन. मंग मीच घेतो. चला, हात धरा माहा."

घुंगट घेतलेल्या सत्तरीच्या म्हाताऱ्याला हाताला धरून मी जिना चढले. पहिल्या वळणावर लिफ्टवाला बघत राहिला. औषधांचा ट्रे घेऊन उतरणारी नवी सिस्टर भिंतीला चिकटली. रखवालदारानं विचारलं, "डोयाचं ऑपरेशन का?" मी म्हटलं हो. वॉर्डाच्या दाराशी आबा थांबले, छाती भरून घेतली, आणि मला कळलं आता काय होणार. मी त्यांच्या दंडाला चांगला चिमटा काढला. त्यांनी खाकरणं गिळलं.

मी पडदा बाजूला केला. तिनं बघितलं. क्षणभर तिला कळेना हे कोण आणि काय. मग ओळखलं, आणि हात पदराकडे निघाला, मान उचलली.

"पोरी, उठू नको," रुमालाच्या आतून आबा म्हणाले. "मी आलो, गेलो, खोकललो, तरी उठू नको. मले काही दिसत नाही, पदर राहू दे. हे मी सांगून राह्यलो तुले."

मास्तरांनी रेडिओसारखा चालणारा आपला मोबाइल बंद केला. तिची मान हळूहळू उशीवर टेकली. डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळत होतं, आणि ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "बरं आबा."

तिचा हात माझ्या हातात होता. नाडी दोन-तीन मिनिटांत उतरायला लागली, मला मोजायचीही गरज वाटली नाही. अक्का मात्र कमरेवर हात ठेवून नवऱ्याकडे बघत होती. "बोलले!" ती म्हणाली. "नऊ वर्सांत बोलले! माह्याशी तं पहिला सबद लग्नाच्या तिसऱ्या वर्सी बोलले होते, तोबी बैल सुटला म्हनून."

सून हसायला लागली. मी दटावलं, हसू नकोस, पोट हलतं. पण मलाच हसू आवरेना, आणि पाणीही.

मग आबा स्टुलावर बसले ते संध्याकाळपर्यंत. रुमाल तोंडावरच. एकदा बोलायचं ठरवल्यावर त्यांना थांबता येईना. नऊ वर्षांचं साठलेलं होतं. धाकटा दूध प्याला. मोठ्याचा दात पडला, त्यानं तो तुला दाखवायला माझ्याजवळ दिलाय. गाय तुझ्यावाचून पान्हा सोडत नाही, हात लावला की लाथ मारते. वरच्या मळ्यातली केयी कापणीला आली. तू पेरलेली मेथी मीच खुडली, वाईट खुडली. ती फक्त "हो आबा", "बरं आबा" म्हणत होती. दर बाटलीला आबा रुमालाआडून विचारायचे, "कसा रंग हाये?" आणि मी सांगायचे. पाचवी लाल, पण पातळ. सहावी पहिल्या बाटलीसारखी गुलाबी. रक्तपेढीतून आणलेली पिशवी फ्रीजमध्येच राहिली.

सात वाजायला आले होते. सातवी बाटली मी हातात घेतली, ट्यूबलाइटसमोर धरली, फिरवून बघितली. स्वच्छ, हलकी पिवळी. लालीचा मागमूस नव्हता. मी ती आबांसमोर नेली. "रुमाल वर करा आबा. हे तुम्ही बघायलाच पाहिजे."

त्यांनी सुनेकडे पाठ केली, रुमाल एका डोळ्यापुरता उचलला आणि बाटलीकडे बराच वेळ बघत राहिले. मग दोन्ही हात जोडून त्यांनी त्या बाटलीला नमस्कार केला. मी गावातल्या लोकांना ट्रॅक्टरला, पाण्याच्या मोटारीला, नव्या फ्रीजला नमस्कार करताना बघितलं आहे. पण हे पहिल्यांदाच. अक्कानं माझ्या हातातून बाटली घेतली, पदरानं बाहेरून पुसली आणि खिडकीत सगळ्यात पुढे नेऊन ठेवली. टॉवेल तिनं मास्तरांच्या खुर्चीवर वाळत घातला.

तेव्हापासून माझ्या यादीत एक कलम वाढलं आहे. सासरे, दीर, मामेसासरे, गावचे सरपंच, कोणीही आलं तरी उठायचं नाही. आणि हे मी पेशंटला सांगत नाही. आदल्या दिवशी घरातल्या मोठ्या माणसाला बोलावून घेते आणि त्याच्याच तोंडून वदवून घेते, पेशंटच्या समोर, मोठ्यानं. काही जण लाजतात. एक-दोघांना रुमाल लागला. लायटर वाजवायच्या आधी आता हे होतं.

रिपोर्ट यायला काही दिवस लागले. साधा प्रकार निघाला, गोळ्यांवर भागणारा. ती तीन महिन्यांनी तपासणीला आली तेव्हा मी आधी तिचे पाय बघितले. चपलेचा पट्टा सैल बसला होता. पायावर खाच नव्हती. म्हणाली, सध्या जड उचलत नाही, पण सकाळी तासभर मळ्यात जाते. आबा पुढे चालतात आणि ती मागून, आणि ते वळून न बघता सगळ्या गावाच्या भानगडी तिला सांगत जातात. अक्काची तक्रार आहे की आता घरात तिलाच कोणी काही सांगत नाही.

आम्ही अशा बोलत बसलो होतो. ती बाकावर, मी टेबलामागे खुर्चीत. तेवढ्यात दाराबाहेरून तेच खाकरणं आलं, खणखणीत, जातिवंत.

ती बसल्या जागी थोडी बाजूला सरकली आणि बाकावर हातानं जागा दाखवत म्हणाली, "या आबा, बसा."

आबा आत आले आणि माझ्याकडे बघून हसले, कारण खोलीत उठून उभी राहिलेली एकटी मीच होते.